दाखला हातात देण्यापूर्वी

सुरतेच्या आग्नेय अंगास, रिंग रोडवरील कापडबाजार मागे टाकून मिठी खाडीच्या दिशेने जो कोणी चालू लागेल, त्याला लिंबायतच्या गल्ल्यांत शिरल्यावर आपण गुजरातेत आहोत की धुळे-नंदुरबारच्या एखाद्या पेठेत, असा संभ्रम पडल्यावाचून राहणार नाही. कारण दुकानांवरच्या पाट्या गुजराती असल्या तरी ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांची बोली अहिराणी असते, आणि श्रावणातल्या एका रविवारी घरोघर खानदेशच्या कानबाई देवीची स्थापना होऊन सोमवारी तिचे विसर्जन होते तेव्हा येथील मराठी शाळांतले कितीतरी बाक रिकामे राहतात. नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर, धरणगाव ही गावे ज्या जुन्या ताप्ती व्हॅली रेल्वेच्या मार्गावर वसलेली आहेत, त्याच मार्गाने अवर्षणाला आणि तुकड्या पडलेल्या शेतीला कंटाळलेली कुटुंबे उधना स्थानकावर उतरली. यंत्रमागांनी त्यांना काम दिले आणि सुरत महानगरपालिकेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीने त्यांच्या मुलांना मराठी माध्यमाच्या शाळा दिल्या. गुजराती, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू, इंग्रजी आणि मराठी इतक्या भाषांतून शाळा चालविणारी पालिका विरळाच, आणि ह्या गोष्टीचे श्रेय तिला मोकळ्या मनाने द्यावयास हवे.

पण शाळा मिळाली म्हणजे मूल शाळेचे झाले असे होत नाही. तास चालू असता दप्तर खिडकीबाहेर फेकून त्याच्यामागून आपणही उडी घेणारी, फळ्याकडे तोंड केलेल्या शिक्षकाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करणारी, मधल्या सुट्टीनंतर तंबाखूच्या माव्याचा तोबरा गालात धरून वर्गात परतणारी, आणि जाब विचारला असता मान खाली घालण्याऐवजी डोळे रोखून उभी राहणारी मुले ह्या वस्तीत आहेत, तशी ती सर्वत्रच आहेत. अशी मुले अशी का वागतात आणि त्यांचे करावे काय, ह्या प्रश्नावर दोन परस्परविरोधी मतांच्या माणसांचे संभाषण कानबाईच्या विसर्जनाच्या संध्याकाळी ऐकण्याचा योग मला आला. त्यांपैकी एक होते पालिकेच्या मराठी शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले वृद्ध गृहस्थ, ज्यांना सारी वस्ती आप्पा म्हणते; दुसऱ्या, लहानपणी त्यांच्याच शाळेत शिकून आता एका माध्यमिक शाळेत शिकविणाऱ्या बाई. दोघांचीही नावे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही.

निमित्त नववीतल्या एका मुलाचे होते. पहिल्याच तासाला तो बाकावर डोके टेकून झोपी गेला, शिक्षकाने खांदा धरून हलविताच त्याने आईवरून शिवी हासडली, आणि शाळा सुटल्यावर त्या शिक्षकाच्या स्कूटरच्या दोन्ही चाकांतली हवा सोडून दिली. शाळेने बापाला बोलावणे धाडले ते समज देण्यासाठी नव्हे. मुलाचा दाखला घेऊन जाण्यासाठी. बाप रातपाळीचा कारागीर, दिवसा झोपेत, म्हणून आईच आप्पांकडे रदबदलीसाठी आली, ओट्याच्या पायरीवर बसली आणि एवढेच म्हणाली, "गुरुजी, मारा याले, पन शाळामाईन काढू नका."

ती गेल्यावर आप्पा बाईंकडे वळले. "ऐकलेस? जिला तुम्ही अडाणी म्हणून मोजाल तिला दोन शिक्षांमधले तारतम्य तुमच्या साऱ्या प्रशिक्षणवर्गांहून अधिक कळते. मारल्याने पोर शाळेत राहते, दाखल्याने जाते. हा तिचा साधा हिशेब आहे आणि तो बरोबर आहे."

"आप्पा, तिला आजवर ह्या दोनच शिक्षा ठाऊक आहेत म्हणून ती त्यांतली एक मागते," बाई म्हणाल्या. "तिसरी कोणी दाखवलीच नाही, यात तिचा काय दोष? आणि मुळात शिक्षेची भाषा आपण इतक्या घाईने का सुरू करावी? पोर पहिल्या तासाला झोपले कशाने, हे त्या शाळेत कोणी विचारले का?"

"झोपले कारण धाक नाही. माझ्या वर्गात कोणी झोपत नसे."

"तुमच्या वर्गात मीही होते. झोपत नसू, पण जागे राहून आम्ही काय करीत होतो हे तुम्ही कधी विचारले नाहीत." एवढे बोलून त्या हसल्या, आणि मग ज्या तपशिलात शिरल्या तो मला ह्या संभाषणातला सर्वांत मोलाचा भाग वाटला, म्हणून जमेल तितका सविस्तर देतो. ह्या मुलाच्या घरी त्या गेल्या होत्या. एकच खोली, बाप संध्याकाळी 7 ला मागाच्या खात्यावर जातो आणि 12 तासांची पाळी उरकून सकाळी परततो, आणि येथे मजुरी मीटरवर असल्याने जितके कापड निघेल तितकेच पैसे, त्यामुळे दिवसाची झोप ही त्या घरातली सर्वांत पवित्र वस्तू होय. तो झोपला की मुलांनी घरात थांबायचे नाही, मोठ्याने बोलायचे नाही, पुस्तक वाचायचे तर गल्लीत. आई साड्यांचे धागे कापण्याचे काम घरी आणते, त्या साड्यांच्या ढिगाने उरलेली जागा व्यापते. आणि ह्या मुलाला रात्री जेवणानंतर बापाच्याच खात्यावर बॉबिन भरायला नेतात. मध्यरात्री तो घरी येतो. "अशा पोराचा खांदा पहिल्या तासाला कोणी गदगदा हलविला तर त्याच्या तोंडून प्रथम जे बाहेर पडेल, ते त्याने ज्या ठिकाणी रात्र काढली त्या ठिकाणचेच असणार. खात्यावर मागांच्या खडखडाटात कोणी हळू बोलत नाही, बोलून ऐकू येत नाही, आणि शिवी दिल्याखेरीज हाक पोहोचत नाही. घरीही बाप तसेच बोलतो, कारण वर्षानुवर्षे त्या आवाजात उभे राहून त्याला स्वतःचा आवाज मोठा आहे हे कळेनासे झाले आहे. शिक्षकाला ते उद्धटपण वाटते. मुलगा मात्र त्याला साधे बोलणेच समजतो."

"साधे बोलणे!" आप्पा म्हणाले. "आणि चाकांतली हवा? तीही खात्यावर सोडतात काय?"

"नाही. ती त्याने समजून-उमजून सोडली, आणि तिचा जाब त्याने दिलाच पाहिजे. मी कारण सांगते आहे; सबब देत नाही."

हा भेद बाईंनी फार नेमका केला असे मला वाटले, आणि पुढच्या बोलण्यात तो दोघांनीही पाळला असता तर वाद निम्म्याने आटोपला असता.

भाषेचा मुद्दाही बाईंनीच काढला. ह्या मुलांची घरची बोली अहिराणी, पाठ्यपुस्तकाची मराठी निराळी, रस्त्याची आणि खात्याची हिंदी, आणि 2023 च्या कायद्याने गुजरात राज्यातल्या प्रत्येक शाळेत पहिली ते आठवी गुजराती सक्तीची. त्या कायद्याला त्यांचा विरोध नव्हता. ज्या राज्यात राहायचे त्या राज्याची भाषा यायलाच हवी, असे त्या स्पष्ट म्हणाल्या. पण चार भाषांच्या मध्ये उभ्या असलेल्या सात-आठ वर्षांच्या मुलाला गुरुजी उठवून प्रश्न विचारतात, तो आपल्या बोलीत उत्तर देतो, वर्ग हसतो, क्वचित गुरुजीही हसतात. आणि असे काही वेळा घडले म्हणजे ते मूल मनाशी ठरविते की, हसे होणारच असेल तर ते आपल्या हुकमाने व्हावे. वर्गातला विदूषक असा तयार होतो. "आठवी-नववीत ज्याला तुम्ही टवाळ म्हणता, त्याची उमेदवारी दुसरी-तिसरीत झालेली असते," बाई म्हणाल्या, आणि आप्पांनी यावर काही उत्तर दिले नाही. त्यांचे मौन म्हणजे मान्यता असे मी म्हणणार नाही; पण तेही अहिराणी भाषकांतच जन्मले आहेत, तेव्हा हे हसे त्यांना परके नसावे.

मात्र पुढच्याच क्षणी त्यांनी बाईंची बाजू जिथे दुबळी होती तेथे बोट ठेवले. "त्याच खोलीत त्याची बहीण राहते. तोच बाप, तीच साड्यांची रास, तीच बोली. आणि पोरगी वर्गात पहिली येते. मग खोलीचा दोष कसा? पोरी, गरिबीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यात एक प्रकारची दया आहे खरी, पण त्या दयेत अपमानही आहे. ह्या लिंबायतमधली बहुसंख्य पोरे ह्याच खोल्यांतून येतात आणि कोणाच्या चाकाची हवा सोडीत नाहीत. उलट तिकडे वेसू-पिपलोदच्या बंगल्यांतली पोरे, ज्यांना स्वतंत्र खोली, शिकवणी, गाडी, सगळे आहे, ती शिक्षकांशी कशी वागतात हे तू तेथल्या कोणाही मास्तराला विचार. परिस्थिती म्हणून सारे माफ केले, तर जो परिस्थितीशी झगडून सरळ राहतो त्याच्या सरळपणाची किंमत काय राहिली?"

"बहिणीला रात्री बॉबिन भरायला कोणी नेत नाही," बाई म्हणाल्या, "आणि शाळा सोडली तर तिचे लग्न ठरेल हे तिला ठाऊक आहे, म्हणून ती शाळेला चिकटून आहे. तिला शाळेबाहेर धोका दिसतो. मुलाला शाळेबाहेर पगार दिसतो. त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी पोरे खात्यावर उभी राहतात, त्यांच्या खिशात मोबाइल असतो, उत्तरायणाला मांज्याच्या फिरक्या ती स्वतःच्या पैशाने आणतात. शाळा त्याला सांगते की दहावी हो, बारावी हो, मग कधीतरी तुझे भले होईल. तो शाळेशी भांडत नाही आप्पा, तो शाळेचा सौदा नाकारतो."

"आता मुद्द्यावर आलीस," आप्पा म्हणाले. "मी तेच म्हणतो. बाहेर खाते उभे आहे, आणि खात्याला आपल्या पोरांची घाई आहे."

इथपर्यंत बोलणे आले तेव्हा अंधार पडला होता, आणि छडीचा विषय निघणे अपरिहार्य होते. आप्पांची छडी लिंबायतच्या एका पिढीला परिचित आहे, आणि त्या पिढीतले पुष्कळ लोक तिच्याविषयी आज ज्या प्रेमाने बोलतात ते ऐकून मला नेहमी थोडा संशय येतो. मार खाऊन जे वर आले तेच फक्त आठवणी सांगायला उपस्थित असतात. बाईंनी कायद्याचा हवाला दिला. डिसेंबर 2000 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शाळांतील शारीरिक शिक्षेची तरतूद रद्द केली. पुढे बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या 2009 च्या अधिनियमातील कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई करून, ती मोडणाऱ्या शिक्षकावर सेवानियमांनुसार कारवाई ठरविली. इंग्लंडनेदेखील आपल्या सरकारी शाळांतली छडी 1986 च्या कायद्याने बंद केली.

"कायदा मला मान्य आहे," आप्पा म्हणाले, "आणि निवृत्तीपूर्वीची शेवटची वर्षे मी छडीला हात लावला नाही, हेही तुला ठाऊक आहे. माझी तक्रार निराळी. छडी काढून घेतली, तिच्या जागी मास्तराला काय दिले? सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक शिक्षक, असे तोच अधिनियम म्हणतो. बरे, तो शिक्षक तरी वर्गात असतो का? कलम 27 ने त्याला इतर कामांना जुंपू नये म्हटले, आणि त्याच कलमात जनगणना, आपत्ती आणि निवडणुका वगळून ठेवल्या. आणि निवडणुका आपल्याकडे कधी संपतात? मतदारयाद्या घेऊन मास्तर गल्लोगल्ली फिरतो आणि वर्ग मोकळा. मग मास्तराजवळ उरते काय? ओरडणे, बापाला चिठ्ठी, आणि शेवटी दाखला. मी मारीत होतो, ते चुकीचे म्हण. पण माझ्या साऱ्या नोकरीत शिक्षा म्हणून दाखला मी एकाही पोराच्या हातात ठेवला नाही. तुमच्या दयेच्या अमलात पोराला कोणी बोट लावत नाही, आणि नववीत सभ्यपणे, लेखी, शिक्का मारून, खात्यावर पाठविले जाते."

हा घाव वर्मी लागला असे मला वाटले. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या, आणि मग त्यांनी दिलेले उत्तर तितकेच नेमके होते. "तुम्ही दाखला दिला नाहीत, कारण तुम्हाला द्यावा लागला नाही. छडीच्या भीतीने जी पोरे यायचीच बंद झाली, त्यांच्या नावापुढे हजेरीपटात तुम्ही काय लिहीत होता? 'सतत गैरहजर.' मग नाव कमी. भीतीसाठी हजेरीपटात रकाना नसतो, आप्पा. माझ्या वर्गातली तशी तिघे मला आठवतात. तीही खात्यावरच गेली."

दोघेही आपापल्या बाजूने एकच गोष्ट बोलत आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले की नाही कोण जाणे. जुन्या राजवटीने पोराला भीतीने घालविले, नव्या राजवटीने कागदाने घालविले, आणि दोन्ही वेळा फाटकाबाहेर तेच खाते त्याची वाट पाहत उभे होते. शिक्षणाचा विचार करणाऱ्यांनी छडी आणि माया यांच्या द्वंद्वात इतकी शाई खर्च केली आहे की, शिक्षेनंतर मूल कोठे जाते हा प्रश्न जवळजवळ कोणी विचारीतच नाही. अमेरिकेत गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात बेशिस्तीबद्दल काहीही सहन न करण्याचे, लहानमोठ्या अपराधांना सरसकट शाळेतून काढण्याचे धोरण पुष्कळ ठिकाणी गाजले. 2008 साली तेथील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने नेमलेल्या अभ्यासगटाने हिशेब मांडला तेव्हा त्या धोरणाने शाळा अधिक सुरक्षित वा अधिक शिस्तीच्या झाल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही. इतक्या लांबचा दाखला द्यावयाचे कारण एवढेच की, लिंबायतच्या शाळेला जे कठोर आणि म्हणून परिणामकारक वाटते, ते अधिक श्रीमंत देशात अधिक साधनांनिशी करून पाहिले गेलेले आहे.

मध्येच टिळकांच्या शेंगांच्या टरफलांची गोष्ट निघाली, ती निघणारच होती. ज्याने शेंगा खाल्ल्या नाहीत त्याने टरफले का उचलावीत, आणि चौकशी न करता साऱ्या वर्गाला शिक्षा करणारा मास्तर न्यायी कसा, असे बाई म्हणू लागताच आप्पांनी हात वर केला. "ती गोष्ट सांगून सांगून तुम्ही लोकांनी वर्गातल्या प्रत्येक उनाडाला लोकमान्य करून टाकले आहे. बाळ टिळकांनी कोणाच्या चाकांतली हवा सोडली नव्हती."

यावर तिघेही हसलो, आणि कदाचित त्या हसण्यामुळेच पुढचे बोलणे अधिक समंजस झाले. बाईंनी गिजुभाई बधेकांचे नाव घेतले. वकिली सोडून भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आलेल्या ह्या गृहस्थांनी 1920 साली तेथे बालमंदिर काढले, आणि मार किंवा बक्षीस यांवाचून मुले शिकतात हे गुजरातेला दाखविले. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी तेच बीज पुढे बोर्डीला आणि 1957 पासून डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला नेले, आणि आदिवासी मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या कुरणात न्यावी, हा विचार अनुताई वाघांसह तेथे अमलात आणला. गुरे राखणाऱ्या मुलाला बेशिस्त ठरवून त्याचे नाव कमी करणे सोपे होते. ताराबाईंनी त्याच्या कामाची वेळ पाहून शाळेची वेळ ठरविली. "आमच्या शाळा दोन पाळ्यांत भरतात," बाई म्हणाल्या. "रात्री जागणाऱ्या पोराला सकाळच्या पाळीतून दुपारच्या पाळीत घ्यावे, एवढी तजवीज एका अर्जावर होऊ शकते. पण तो अर्ज करावा असे कोणाला सुचत नाही, कारण झोप हा आपल्या लेखी अपराध आहे."

"म्हणजे रात्रीच्या कामाला शाळेने मान्यता द्यायची?" आप्पांनी विचारले, आणि मला वाटते येथे आप्पांचेच खरे होते. 14 वर्षांखालील मुलाला घरच्या धंद्यातदेखील शाळेच्या वेळेबाहेरच हात लावण्याची मुभा 2016 च्या दुरुस्तीने ठेवली, आणि खाते हा काही घरचा धंदा नव्हे. 14 च्या पुढच्या किशोराला धोक्याच्या कामाखेरीज इतर कामांची परवानगी आहे खरी, पण संध्याकाळी 7 नंतर नाही. "आधी ते बॉबिन भरणे बंद झाले पाहिजे. ते बंद करण्यासाठी बापाला शाळेत बोलावून उपयोग नाही. शाळेत आला की तो मान खाली घालून हमीपत्रावर अंगठा देईल आणि घरी जाऊन पोराला बडवील. मास्तराने सकाळी 7 ला, पाळी बदलते त्या वेळी, खात्याच्या फाटकावर जाऊन उभे राहावे. तेथे बाप चार कारागिरांसमोर जो शब्द देईल तो पाळील. मी जात असे."

हे मी प्रथमच ऐकत होतो, बाईही. आप्पांच्या कडकपणाची कीर्ती वस्तीत पसरली ती छडीमुळे, पण माझा तर्क असा आहे की तो कडकपणा चालला तो ह्या फाटकावरच्या फेऱ्यांमुळे, आणि छडीला फुकटचे श्रेय मिळाले.

मग साने गुरुजींचा विषय निघाला, आणि तो आप्पांनी काढला. ज्या अमळनेराहून ह्या वस्तीतली कित्येक घरे आली, त्याच अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात गुरुजी 1924 ते 1930 शिक्षक होते आणि छात्रालय त्यांच्याकडे होते. मुलांनी पसरून टाकलेली अंथरुणे ते स्वतः आवरीत, त्यांच्या खोल्या झाडीत. लोक याला मऊपणा समजतात, असे आप्पांचे म्हणणे पडले. "तो मऊपणा नव्हे. आपण टाकलेला पसारा आपला गुरू उचलतो आहे हे पाहून पोराच्या मनाचे जे होत असेल, त्यापुढे माझी छडी काहीच नव्हती. ती सर्वांत कडक शिक्षा."

"पण ती शिक्षा त्यालाच साधते, ज्याच्यावर मुलांचा आधी जीव असतो," बाई म्हणाल्या. "ज्या शिक्षकाला मुलाचे आडनाव सोडून दुसरे काही ठाऊक नाही त्याने खोली झाडली, तर मुले दुसऱ्या दिवशी अधिक कचरा करतील."

आता त्या नववीतल्या पोराचे करावे काय? यावर दोघांचे बरेचसे एकमत झाले, आणि तेही आप्पांनी मागाचा दृष्टांत दिला म्हणून. ताण्यातली तार तुटली की कारागीर माग थांबवून तत्काळ गाठ मारतो. महिनाअखेरीस सगळ्या तुटलेल्या तारांचा एकदम पंचनामा करीत बसत नाही, कारण तोवर सगळे कापड खोटे निघते. मुलाच्या वागण्याचा परिणाम त्याला त्याच दिवशी, लहान आणि नक्की असा भोगायला लागला पाहिजे. हवा सोडली, तर ती स्कूटर त्यानेच ढकलत दुकानापर्यंत न्यावी, हवा भरून आणावी, आणि दुकानदाराचे पैसे बापाकडून न घेता स्वतःच्या खिशातून द्यावे. महिनाभर त्याने पहिल्या बाकावर बसावे. बाईंनी आणखी एक जोड दिली: ज्या शिक्षकाने खांदा हलविला त्यानेच मुलाला पुढचे आठ दिवस शाळा सुटल्यावर दहा मिनिटे शिकवावे, म्हणजे अपराध ज्यांच्यात घडला त्या दोघांनाच एकमेकांची तोंडे पुन्हा पाहावी लागतील. आप्पांना हे पसंत पडले, पण शिक्षकालाही शिक्षा झाल्यासारखे दिसेल अशी शंका त्यांनी काढली. "थोडी होईल," बाई म्हणाल्या, "आणि व्हावी."

शिवीच्या प्रश्नावर मात्र शेवटपर्यंत जमले नाही. शिवी भर वर्गात दिली, तेव्हा क्षमाही भर वर्गात मागितली पाहिजे, नाहीतर उरलेल्या मुलांपुढे शिक्षकाची पत राहणार नाही, असे आप्पांचे ठाम मत. भर वर्गात मान खाली घालायला लावलेला नववीतला मुलगा बाहेर पडताच मित्रांत वीर ठरतो आणि आपली खालावलेली किंमत दुसऱ्या कोणावर तरी वसूल करतो. म्हणून क्षमा शिक्षकासमोर, एकांतात, असे बाईंचे तितकेच ठाम मत. मला विचारले तर मी बाईंच्या बाजूचा आहे, पण आप्पांनी उभा केलेला इतर मुलांचा प्रश्न मला सुटलेला नाही. त्या वर्गातली पाठीमागची मुले, जी झोपली नाहीत आणि बोलली नाहीत, त्यांनाही काही शिकायचे होते, आणि आपली सारी सहानुभूती नेहमी त्यांच्या पलीकडून उनाड पोराकडे जाते, हे आप्पांचे म्हणणे खोटे नाही.

जाता जाता बाईंनी माव्याचा विषय काढला, कारण हा मुलगाही तो खातो. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकू नये असा 2003 चा कायदा आहे. ज्या शाळेने ह्या मुलाला दाखला देण्याची तयारी केली त्या शाळेच्या फाटकातून मला मावा विकणारी टपरी दिसते, असे त्या म्हणाल्या. मुलाची बेशिस्त लिहून ठेवणाऱ्या वहीत टपरीवाल्याच्या बेशिस्तीला पान नाही, आणि ज्यांनी ती टपरी हटवायची त्यांच्या बेशिस्तीलाही नाही.

आता कायद्यातली एक गोष्ट वाचकांपुढे ठेवतो, कारण सारा प्रश्न तेथेच अडतो. 2009 च्या अधिनियमाच्या कलम 16 प्रमाणे प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने पाचवीत आणि आठवीत नापास करून मागे ठेवण्याची मुभा राज्यांना दिली, पण काढून टाकण्याची बंदी तशीच ठेवली. नववीत मात्र ह्या कलमाचे संरक्षण संपते. आणि आपल्या देशात चौदावे वर्ष संपून नोकरीचा दरवाजा किलकिला होतो तेही नेमके ह्याच वयात. ज्या दिवशी मुलाला शाळेची सर्वाधिक गरज असते त्या दिवशी शाळेवरचे बंधन सुटते आणि खात्यावरचेही बरेचसे सैल होते. ह्या दोन कायद्यांच्या सांध्यात लिंबायतची किती पोरे गळून पडली असतील याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही, कारण दप्तरात ती सारी स्वखुशीने दाखला घेऊन गेलेली असतात. जून महिन्यात गुजरातेत शाळा-प्रवेशोत्सव होतो, पहिलीत येणाऱ्या बालकांना कुंकू लावून पाहुणे वर्गापर्यंत पोहोचवितात, आणि तो समारंभ मला मनापासून आवडतो. नववीतून बाहेर पडणाऱ्याला फाटकापर्यंत पोहोचवायला शिपाईही येत नाही.

तेव्हा लिंबायत, उधना, डिंडोली येथील माध्यमिक शाळांच्या चालकांना आणि मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे की, आठवीपर्यंत जे कायद्याने निषिद्ध आहे ते नववी-दहावीत त्यांनी आपण होऊन निषिद्ध मानावे. मुलाकडून हवा भरून घ्या, काच बसवून घ्या, दुपारच्या पाळीत बसवा, क्षमा एकांतात मागायला लावा की वर्गात, हे तुमचे तुम्ही ठरवा. पण शिक्षा म्हणून दाखला लिहिण्यापूर्वी तुमच्यापैकी एकाने तरी सकाळी 7 वाजता त्या मुलाच्या बापाच्या खात्याच्या फाटकावर जाऊन यावे.